कुंतीची पिवळी फांदी

हर्षला त्या रिसॉर्टात गेली होती मोगऱ्याच्या कुंड्या पोचवायला. कुंड्या उतरल्या, पावती झाली, आता माणसानं सरळ घरी यावं की नाही? पण सरळ घरी येईल ती हर्षला कसली. थोड्या वेळानं बाईसाहेब रिसॉर्टच्या मागच्या अंगाला, कापलेल्या पाल्याच्या ढिगात गुडघाभर उभ्या होत्या आणि दोन्ही हातांनी पाला उपसत होत्या. श्रावणातली एक सर नुकतीच येऊन गेलेली, आणि दुसरी समोरच्या डोंगरावर तयारीत.

"ओ मॅडम... बाजूला व्हा जरा. हा ढीग पेटवायचाय."

तिनं वळून पाहिलं. डिझेलची बाटली हातात घेतलेला एक उंच, सावळा मुलगा. गळ्यात निळा रुमाल, केसांत पानांचा भुगा, आणि चेहऱ्यावर असा भाव की ढीग माझा, काडेपेटी माझी, तुम्ही कोण?

तिनं हातातली फांदी त्याच्या नाकासमोर धरली. वीतभरच होती. पानं हिरवी, पण प्रत्येक पानाला सायीसारखी पिवळसर कड, आणि शेंड्याची कोवळी पानं चक्क गुलाबी.

"ही कुणी कापली?"

"मी." अगदी छाती काढून.

"का?"

"केवडा पडला होता तिच्यावर."

आता हे केवडा प्रकरण सांगायलाच हवं. भेंडीची पानं पिवळी पडायला लागली की शेतकरी म्हणतो केवडा पडला. त्यावर इलाज नाही. झाड उपटायचं आणि जाळायचं, नाहीतर सगळं शेत हातचं जातं. ह्या मुलाचं, म्हणजे कमलेशचं, अर्धं लहानपण मामाच्या भेंडीत गेलेलं. शाळेतून आलं की दप्तर फेकायचं आणि केवड्याची झाडं उपटायची, हेच काम. त्यामुळं रिसॉर्टच्या हिरव्यागार कुंपणात एक पिवळी फांदी दिसली मात्र, त्याच्या हातानं डोक्याला न विचारताच ती उडवली.

"ही भेंडी आहे का?" हर्षलानं विचारलं.

"नाय."

"मग काय आहे?"

तो जरा गडबडला. "हेज."

"हेज म्हणजे कुंपण. झाडाचं नाव विचारतेय मी."

"आमच्या धंद्यात नावं नसतात मॅडम. मऊ, चिवट आणि चीक गाळणारं. तीनच जाती. हे चिवट."

हर्षलाला हसू येत होतं. पण रागावलेलं असताना हसायचं नाही, असा तिचा नियम होता. "ही कुंती. कोणी कामिनीही म्हणतं. आणि हा रोग नाही. रोग असता तर पानं आकसली असती, चुरगळली असती. ही बघा कशी ताठ आहेत. हे झाडानं आपल्या मनानं काढलंय. हजारात एखादं झाड काढतं असा वेगळा रंग... आणि तुम्ही तेवढंच बरोबर..."

पुढचा शब्द काढला असता तर रडू फुटलं असतं, आणि परक्या माणसासमोर रडायचं नाही हा तिचा दुसरा नियम.

कमलेशनं डिझेलची बाटली खाली ठेवली. जरा वेळ फांदीकडं बघितलं, जरा वेळ तिच्याकडं. मग म्हणाला, "मोठी होती फांदी. मी तिचे तुकडे करून टाकलेत. बाकीचे खालच्या थरात असतील." आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो ढिगात उतरला.

दुसरी सर आली ती तिथंच आली. दोघंही भिजले. कुणीच आडोशाला गेलं नाही. एकदा एकाच काडीवर दोघांचे हात पडले.

"घ्या तुम्ही..."

"नाही, तुम्हीच काढा..."

शेवटी काडी तिथंच राहिली आणि दोघं दुसरीकडं शोधायला लागले. मग पुन्हा दोघंही तिच्यासाठीच मागं आले. असा सगळा पोरकटपणा. ढीग उलटापालटा करून झाल्यावर कमलेशनं गळ्यातला रुमाल सोडला, नळाखाली भिजवला, त्यात सगळ्या काड्या हळूच गुंडाळल्या आणि तिच्या हातात ठेवल्या.

"रुमाल परत पाहिजे पण," तो म्हणाला. "न्यायला कुठं येऊ?"

हर्षलाची नर्सरी कळंबच्या अलीकडं, रस्त्याला लागून. वडील गेल्यापासून ती आणि तिची आई गोदूबाई, दोघी मिळून चालवायच्या. हाताखाली एक जनीमावशी. झाडं यायची पार आंध्रातून, ट्रकनं. येताना नावंही घेऊन यायची, आणि वाटेत त्या नावांचं काय होई देव जाणे, एक्झोराच्या पिशवीवर टगर आणि टगरीच्या पिशवीवर नुसताच फोन नंबर. हर्षला एकेक झाड ओळखून त्याला नीट नाव लावायची, पत्र्याच्या पट्टीवर पांढऱ्या रंगानं. शनिवार-रविवारचे फार्महाउसवाले यायचे, म्हणायचे, "ते लाल फुलांचं द्या." ती आधी नाव सांगायची आणि मगच झाड द्यायची.

पण ती सगळी नावं दुसऱ्यांनी ठेवलेली. आपल्या मातीत निपजलेलं, आपल्या डोळ्यांनी पहिल्यांदा हेरलेलं आणि आपण नाव दिलेलं एक तरी झाड असावं, ही तिची फार जुनी हौस. हौस कसली, हट्टच. आणि आता ते झाड ओल्या रुमालात गुंडाळून तिच्या मांडीवर होतं.

नेमकं त्याच संध्याकाळी गोदूबाईनं शेलूच्या स्थळाचा विषय काढला.

"पोरगा चांगला हाय गं. शेलूला नव्या बिल्डिंगीत फ्लॅट हाय, ठाण्याला नोकरी हाय. लोकं बगायला येतो बोलतात."

हर्षला काड्यांची टोकं मुळं फुटायच्या पावडरीत बुडवत होती. मान वर न करता म्हणाली, "हे झाड जगू दे. नवी पानंही अशीच निघतात हे पक्कं होऊ दे. मी त्याला नाव ठेवते. मग आण कुणाला आणायचं ते."

"म्हंजे ह्या काडीला नाव मिलेस्तोवर माजी पोरगी बिनलग्नाची?"

"हो."

"आन काडी मेली तर?"

"मरणार नाही."

गोदूबाईनं कपाळावर हात मारला. पण लेक कुणावर गेली आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिनं शेलूचा विषय तेवढ्यावरच ठेवला.

कमलेश रविवारी रुमाल न्यायला आला. पुढच्या रविवारी, रुमालाला एक डाग राहिला होता, हे सांगायला आला. त्याच्या पुढच्या रविवारी कारण सांगायचंच विसरला. तो राहायचा खोपोलीच्या शिळफाट्याला. तिथून कळंब म्हणजे काही पानपट्टीवर जाता-जाता लागणारं गाव नाही. खोपोली मागं टाका, पळसदरी ओलांडा, कर्जतची गर्दी काढा, तेव्हा कुठं हा रस्ता लागतो. पाठीवर कुंपणं कापायची मशीन बांधून तो एवढं अंतर यायचा आणि म्हणायचा, "इकडंच काम होतं." कुठं काम होतं, हे हर्षलानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं, आणि तिला ते नको होतं.

काड्या एकेक करून काळ्या पडत गेल्या. दर वेळी एक पिशवी रिकामी व्हायची आणि हर्षला त्या दिवशी नीट जेवायची नाही. गणपती बसले, गेले. शेवटी एकच काडी उरली. आणि एका सकाळी त्या काडीच्या कुशीतून तांदळाएवढा गुलाबी कोंब वर आलेला दिसला. हर्षलानं जनीमावशीला मिठी मारली, आईला मारली, आणि तेवढ्यात फाटकातून कमलेशची गाडी आत आली म्हणून ती कशीबशी थांबली.

पण झाडं काही सरळमार्गी नसतात. दिवाळीच्या सुमारास त्या रोपाला बुडापासून एक हिरवागार फुटवा आला. रंगीत पानांपेक्षा दुप्पट वेगानं तो वर निघाला.

"हा पळतोय," कमलेश खाली बसून बघत म्हणाला. "कापायला पाहिजे."

"आत्ता? एवढंसं तर रोप आहे. राहू दे की जरा."

"कुंपणाचं एक सांगू? जे जास्त पळतं ते बाकीच्याचं खातं. हा हिरवा तुमच्या पिवळ्याला खाऊन टाकेल, आणि मग रोप दिसेल छान... पण साधी कुंती. रिसॉर्टात आहे तशीच."

हर्षलानं ते एका जुन्या नर्सरीवाल्याकडून ऐकलेलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि आपल्या हातानं कापणं वेगळं. तिच्या हातात फांद्या कापायचं सिकेटर होतं, आणि सिकेटर हलत नव्हतं.

"इथं नाही... ह्या डोळ्याच्या खाली. अगदी बुडाशी." त्यानं तिच्या मनगटाला नुसतं बोट लावून हात खाली आणला. "तिरका धरा. आता एकदाच... भीत-भीत कापलं की साल चिरते."

टक् करून फुटवा पडला. त्याचं बोट जरा जास्तच वेळ मनगटावर राहिलं. मग त्याला सिकेटरच्या धारेची भलतीच काळजी वाटायला लागली आणि तो ती पुसत बसला.

त्या दिवसापासून ते त्यांचं ठरूनच गेलं. त्यानं हिरवे फुटवे हेरायचे, तिनं कापायचे. त्याची नजर भयंकर. रस्त्यापलीकडून गाडी लावता-लावता म्हणायचा, "डाव्या बाजूला, दुसऱ्या पानाच्या मागं, एक निघालाय बघा." आणि असायचाच. बदल्यात ती त्याला नर्सरीभर फिरवून नावं शिकवायची. हे अकॅलिफा, हे मुसांडा, ही हमेलिया.

"आणि हे?"

"चीक गाळणारं," कमलेश म्हणायचा.

"नाव."

"...टगर."

"शाब्बास."

"बक्षीस काय?"

"पुढचं नाव."

तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. गोदूबाईला मात्र कळलं. ती त्याच्या चहात साखर जरा कमी घालायला लागली.

"ए, ह्याचं नाव कर्ण ठेव ना," एका रविवारी कमलेश म्हणाला. "कुंतीचा मुलगा. सोन्याच्या रंगाचा. टाकून दिलेला."

"कुंतीनं नाही टाकला. तू टाकलास."

"बरं, मी टाकला. पण नाव कसं आहे?"

"नको. त्या बिचाऱ्याला जन्मभर काय काय सोसावं लागलं. माझ्या झाडाच्या माथी ते नको." मग ती हळूच म्हणाली, "नाव ठरलंय माझं."

"काय?"

"सांगणार नाही. आधी झाड पक्कं होऊ दे."

"मला पण नाही?"

"तुला तर मुळीच नाही." आणि ती अशी हसली की कमलेश घरी जाताना कर्जतला भलत्याच फाट्यावर वळला.

शेलूचं त्याला सांगितलं गोदूबाईनं. मुद्दामच सांगितलं म्हणा ना. चहाचा कप पुढं करत म्हणाली, "तुज्या हाताला येश हाय रं बाबा. झाड लवकर पक्कं कर. येकदा का त्याला नाव पडलं, का शेलूची मानसं बगायला येतील. तिनं तसा शब्दच दिलाय मला."

कमलेशनं चहा घेतला. चांगला आहे म्हणाला. त्या दिवशी तो लवकर निघाला, आणि पुढचे काही रविवार आला तरी फार बोलला नाही. रोपापाशी बसायचा, पानं उलटून बघायचा, म्हणायचा, "आज नाही काही. स्वच्छ आहे." हर्षलाला वाटलं, कामाचा ताण असेल. मशीन बिघडली असेल. माणसं शहाणी असली तरी अशा वेळी कशी ठार आंधळी होतात पाहा.

संक्रांत होऊन गेल्यावर एके दिवशी ती रोपाला मोठ्या कुंडीत हलवत होती. पानांच्या आत हात घातला आणि थबकली. मागच्या बाजूला, भिंतीकडं, एक हिरवा फुटवा. कालचा नव्हे, चांगला पेन्सिलीएवढा जाड झालेला. आणि तो आपोआप लपलेला नव्हता. कुणीतरी त्याला हळूच वाकवून रंगीत पानांच्या मागं सरकवलं होतं.

ती तशीच मातीच्या हातांनी खाली बसली. रस्त्यापलीकडून पान ओळखणारा माणूस. त्याच्याकडून हे राहिलं? छे. हे राहिलेलं नाही, ठेवलेलं आहे. का ठेवलं असेल, हे कळायला तिला एक क्षणही लागला नाही, आणि कळल्याबरोबर तिला असा आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. मग त्याच आनंदावर राग चढला. खूप राग.

रविवारी त्यानं गाडी लावली, तेव्हा ती कुंडी घेऊन दारातच उभी होती. फुटवा पुढं काढलेला.

"हे काय आहे?"

कमलेशनं पाहिलं. सारवासारव केली नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. "मी ठेवला," तो म्हणाला.

"का?"

"हे पक्कं झालं की... शेलूवाले येणार."

"म्हणून माझं झाड मारायला निघालास?"

"मारायला नाही गं. थोडं... लांबवायला." त्याची मान खाली गेली. "दर रविवारी ठरवायचो, आज सांगतो तिला आणि कापतो. आणि दर रविवारी वाटायचं, अजून एक रविवार मिळू दे."

हर्षलाला त्या क्षणी त्याचा हात धरायचा होता. तिनं त्या हातात सिकेटर दिलं. "काप."

"आता कापलं तर कठीण आहे, हर्षला. बरेच दिवस हाच फुटवा सगळं रोप पोसतोय. वरची पानं गळतील. कदाचित..."

"माहीत आहे. फुटवा ठेवला तरी रोप जाणार, कापला तरी जाईल. पण माझ्याकडं साधी कुंती म्हणून जगण्यापेक्षा ते स्वतःच्या रंगानं जायला हवं. काप."

त्यानं कापला. बुडाशी, तिरका, एकदाच. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं ते तिनं पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"आता येऊ नकोस," ती म्हणाली. "मला तुझा राग आला आहे. आणि राग नसता आला तर मी काय बोलले असते ते मला आज बोलायचं नाही."

तो गेला. फाटक लावायला दोनदा मागं वळला, फाटक नीट लागलेलं असताना.

पानं गळाली. सगळी. पिवळ्या कडेचं शेवटचं पान पडलं तेव्हा कुंडीत नुसती एक काडी राहिली. जनीमावशी म्हणाली, मेलं. गोदूबाईनं शेलूला फोन लावायचा तो लावला. चैत्रातली तारीख ठरली.

"आई, मी म्हटलं होतं, नाव ठेवल्यावर."

"नाव कुनाला ठेवतेस, काडीला? किती दिस बसशील गं अशी?"

"नखानं साल खरवडली मी. आत हिरवं आहे."

रोज खरवडून बघायचं नाही, तेवढं तिला कळत होतं. पण रोज सकाळी आधी तिथं जायची, मग चहा प्यायची. पाणी मोजकं. ऊन मोजकं. रविवारी फाटकाकडं बघायचं नाही. हे शेवटचं तिला जमलं नाही. आपण त्याला येऊ नको म्हटलं, आणि गाढवानं ते खरंच ऐकलं, ह्याचा तिला झाडाइतकाच त्रास व्हायचा. रुमालाचा विषय तर काढायलाच नको, तो कधीच परत दिलेला होता.

आणि होळी झाल्यावर, जांभळी मोहोरल्या तेव्हा, काडीला एकदम चार जागी डोळे फुटले. गुलाबी. हर्षला वाट बघत राहिली. कोवळी पानं उलगडली, मोठी झाली, आणि प्रत्येक पानाला, अगदी प्रत्येक पानाला, तीच सायीची कड. बुडाशी हिरवं काही नाही. कुठंच नाही. झाड पक्कं झालं होतं.

तिनं हात धुतले, ओढणी बांधली आणि स्कूटी काढली. शिळफाट्याच्या एका कॉलनीत कमलेश शिडीवर चढून कुंपणाचा माथा सपाट करत होता. तिला बघून त्यानं मशीन बंद केली. शिडीवरून उतरायचं मात्र राहून गेलं.

"फुटलंय," ती खालून म्हणाली. "सगळं रंगीत."

"खरं?" तो एवढंच म्हणाला. चेहरा उजळला आणि लगेच उतरला.

"रविवारी नाव ठेवतेय. सोमवारी शेलूची माणसं येणार आहेत. तुला कळायला हवं म्हणून सांगायला आले." तिनं स्कूटी वळवली. मग थांबून, मागं न बघता म्हणाली, "माझा राग गेलाय. त्यालाही बरेच दिवस झाले." आणि निघून गेली.

रविवारी सकाळी जनीमावशीनं हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या. नाव ठेवायचं तर घुगऱ्या नकोत का, असं तिचं म्हणणं. शेजारच्या दोघी-तिघी हसत-खिदळत आल्या. गोदूबाईनं कुंडीला हळद-कुंकू लावलं. लेकीच्या डोक्यातलं हे एकदाचं संपेल, म्हणून ती खुशीत होती. "चल, रंगव तुजी पट्टी," ती म्हणाली. हर्षलानं ब्रश हातात घेतला होता. पण तो रंगात बुडवायचं तिला काही सुचेना. ती रस्त्याकडं बघत होती.

गाडीचा आवाज आला. कमलेशच्या मागं एक बाई बसली होती, ठेवणीतलं जरीकाठाचं लुगडं, हातात पिशवी. गाडी थांबायच्या आधीच ती उतरली आणि तरातरा आत आली.

"मी सुंदरा. कमलेशची मोठी बईन," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "नाव ठेवताय ना? मंग आत्याबिगर कसं ठेवताय?"

"आत्या? कुनाची आत्या?" गोदूबाई म्हणाली.

"ह्या झाडाची." सुंदरानं पिशवीतून इवलंसं झबलं-टोपडं काढलं आणि कुंडीपुढं ठेवलं. "रिकाम्या हातानं नाय आलो आमी."

गोदूबाईनं कमरेवर हात ठेवले. "आन बापूस कोन त्याचा?"

"ह्यो काय. गाडी लावतोय."

गाडी कधीच लावून झाली होती. कमलेश फाटकाशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. हर्षलाला धावत जाऊन त्याला आत ओढून आणावंसं वाटलं. पण ती हर्षला होती.

"आत्याबाई, थांबा जरा," ती म्हणाली. "बहिणीला पुढं करून मागं उभं राहायचं, हे मला चालणार नाही. बापाला स्वतःच्या तोंडानं बोलू दे."

सुंदरानं भावाकडं बघितलं. "बोल रं. मी सांगितलं व्हतं तुला, ती इचारील."

कमलेश पुढं आला. एवढ्या बायकांच्या समोर, घुगऱ्यांच्या पातेल्याशेजारी.

"मला तू पाहिजेस," तो म्हणाला. "श्रावणापासून... त्या ढिगात उभी होतीस तेव्हापासून. मी तुझ्या झाडाशी लबाडी केली. तुझ्यासाठी केली, पण लबाडीच ती. पुन्हा नाही करणार. माझ्याकडं फ्लॅट नाही. एक मशीन आहे, एक गाडी आहे, आणि आमचं शिळफाट्याचं घर. नर्सरी तू सोडू नकोस. मीच इकडं येत जाईन, रोज. कापायचं ते कापीन, राखायचं ते राखीन, आणि तुला विचारून." तो थांबला. "लग्न करशील माझ्याशी?"

"करीन," हर्षला म्हणाली. लाजली वगैरे नाही. सरळ त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, आणि सगळ्यांदेखत तिनं त्याचा हात धरला.

गोदूबाई लेकीकडं बघत राहिली. मग त्या धरलेल्या हातांकडं. मग टोपड्याकडं.

हर्षला सुंदराच्या कानाशी वाकली आणि इतके महिने कुणालाच न सांगितलेलं नाव तिला सांगितलं. सुंदरानं पदर डोक्यावर घेतला, कुंडीवर ओणवी झाली, आणि त्या गुलाबी शेंड्याशी तोंड नेऊन, कुर्रर्र करून, मोठ्यानं म्हणाली, "कवडसा."

पानांच्या हिरव्यावर ती सायीची कड खरंच तशी पडली होती, कौलाच्या फटीतून ऊन उतरतं तशी. कमलेशनं ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. शेजारणींनी घुगऱ्यांना हात घातला.

गोदूबाईनं कनवटीचा मोबाईल काढला, दूर धरून नंबर शोधला आणि फोन कानाला लावला.

"हालो, शेलूवरनं बोलता ना? उद्याचं येनं ऱ्हाऊं द्या... नाय, नाय, पोरगी ठनठनीत हाय. पन तिच्या पदरात एक झाड हाय हो, आन आज त्याचा बापूस आलाय."